क्विटोमधील पहिला दिवस कसा घालवावा?

तुम्ही विचारले आहे की, सकाळी क्विटोला पोहोचल्यावर त्याच दिवसात जुने शहर, टेलेफेरिको (केबल कार) आणि विषुववृत्ताचे स्मारक ही तिन्ही ठिकाणे पाहून होतील का. घड्याळाचा हिशेब केला तर कदाचित होतील; पण शरीर तो हिशेब मान्य करील असे मला वाटत नाही, आणि हे मी स्वतः फजिती करून घेतल्यावर सांगत आहे.

इक्वेडोरची ही राजधानी (स्थानिक लोक ‘कितो’ म्हणतात) समुद्रसपाटीपासून सुमारे २,८५० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे, म्हणजे क्विटोच्या फुटपाथवर उभा असलेला माणूस त्या माथ्यापेक्षाही बाराशे मीटर वर असतो. सह्याद्रीत भटकण्याची सवय असल्यामुळे मी हे मनावर घेतले नाही आणि सामान ठेवताच राष्ट्रीय बासिलिका या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यात चढायला गेलो. तिच्या भिंतींवर नेहमीच्या राक्षसमुखांऐवजी इग्वाना, कासव, आर्माडिलो असे तिथलेच प्राणी कोरलेले आहेत, ते पाहण्यासारखे आहेतच. पण शेवटच्या उभ्या शिड्यांवर मला इतकी धाप लागली, की खाली उतरल्यावर दुपारपर्यंत डोके ठणकत राहिले.

म्हणून पहिला दिवस फक्त जुन्या शहराला द्यावा, आणि तोही रमतगमत. १९७८ साली युनेस्कोने जागतिक वारसा स्थळांची पहिली यादी केली, तेव्हा तीत हे शहर होते. सुरुवात सान फ्रान्सिस्को चौकापासून करावी. आता तिथे मेट्रोचे स्थानकही आहे. १५३४ मध्ये स्पॅनिशांनी शहर वसवल्यावर थोड्याच वर्षांत इथल्या मठाचे काम सुरू झाले. त्याच्या दगडी पायऱ्यांवर बसून मी तासभर नुसती माणसे पाहिली, आणि त्या दिवसातले तेच मला सर्वांत स्पष्ट आठवते. जवळच ला कोम्पान्यिया हे जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाचे चर्च आहे. १६०५ ते १७६५ अशी १६० वर्षे त्याचे बांधकाम चालले, आणि आतील कोरीवकामावर सोन्याचा वर्ख इतका आहे की प्रथम डोळे दिपतात आणि मग थोडे अजीर्णही होते. तिथून प्लाझा ग्रांदे हा मुख्य चौक दोन-तीन मिनिटांवर आहे. राष्ट्राध्यक्षांचा कारोंदेलेत प्रासाद तिथेच आहे.

दुपारी लोक्रो दे पापा घ्यावे: बटाट्याचे दाट सूप, त्यात चीज आणि वर अव्होकाडोच्या फोडी. पोटाला हलके आणि बहुधा शाकाहारी असते, तरी विचारून घ्यावे. ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर चिकन येऊ शकते, कारण तिथे ‘कार्ने’ (मांस) म्हटले की अनेकांच्या मनात गोमांसच येते. रस्त्यावर आइस्क्रीमच्या कोनात मिळणारी एस्पुमिया आइस्क्रीमसारखी दिसते, पण थंड नसते. ती पेरूचा गर आणि अंड्याचा पांढरा भाग फेटून करतात. (शेजारच्या देशाचे आणि या फळाचे नाव आपल्याकडे एकच आहे, हे तिथल्या विक्रेतीला समजावताना माझी तोडकी स्पॅनिश पार संपली.)

चलन २००० सालापासून अमेरिकी डॉलरच आहे, मात्र पन्नास-शंभरच्या नोटा छोट्या दुकानांत घेत नाहीत. सुटे जवळ ठेवावेत. ऊन विषुववृत्ताचे आणि हवा विरळ, त्यामुळे थंडी वाजत असतानाही त्वचा भाजते. टोपी विसरू नये. पानेसियो टेकडीवरच्या मेरीच्या पुतळ्यापाशी जायचे असल्यास पायऱ्यांनी न जाता टॅक्सीने जावे. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास झपाट्याने अंधार पडतो, आणि भारताशी साडेदहा तासांचा फरक असल्यामुळे तोवर डोळेही मिटू लागतात.

विषुववृत्ताचे स्मारक दुसऱ्या दिवशी करावे. ते खऱ्या रेषेपासून सुमारे २४० मीटर बाजूला आहे, हे जाण्याआधी माहीत असलेले बरे. टेलेफेरिको पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर ३,९०० मीटरच्या वर नेतो, म्हणून तो तिसऱ्या दिवशी, आणि सकाळीच, कारण दुपारी तिथे बहुधा ढग उतरतात.