‘म्हाताऱ्यांच्या विषयाला पैसा कोण देणार?’

प्रश्न : मॅडम, मी बार्शीची. वय ३१. मागच्या वर्षी मानसशास्त्रात पीएचडी झाली. विषय होता, स्मृतिभ्रंश झालेल्या सासू-सासऱ्यांची घरी काळजी घेणाऱ्या सुना. सध्या दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवते. पुढेही ह्याच विषयात काम करायची इच्छा आहे, पण माझे गाईड म्हणतात, ‘म्हाताऱ्यांच्या विषयाला पैसा नाही, मुलांच्या मोबाइलच्या वेडावर काहीतरी कर.’ खरंच पैसा नाही का? आणि शिकायचं कुठे? माझ्याकडे ना प्रयोगशाळा, ना एमआरआय. प्रबंधाची प्रत सोबत पाठवते आहे.
– एक वाचक, बार्शी

उत्तर : तुमच्या गाईडचं वाक्य मीही ऐकलंय, फक्त तेव्हा मोबाइलच्या जागी टीव्ही होता. ते अगदीच खोटं बोलत नाहीत. लंडनहून चालणाऱ्या एका संशोधन गटाने आपलं नावच ‘१०/६६’ ठेवलं होतं. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, आणि लोकसंख्येवर आधारलेलं संशोधन तिथे १० टक्क्यांहूनही कमी, असा त्याचा अर्थ. पण आता पैसा आहे. तो तासिकावाल्यांपर्यंत पोचत नाही, हे खरं दुखणं. प्रकल्पाचं अनुदान बहुतेक ठिकाणी कायम नोकरी असलेल्यालाच मिळतं. म्हणून तुम्ही अनुदानामागे न लागता फेलोशिपमागे लागा, तिच्यात तुमचा पगारही येतो.

पहिली, नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप. पूर्वी ती केंद्राच्या ‘सर्ब’ ह्या संशोधन मंडळाकडे होती, आता ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’कडे आहे. वयाची अट ३५, स्त्रियांना पाच वर्षं सवलत. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे, पण कायम पदावरचा एक मेंटॉर आणि त्याची संस्था लागेल. दुसरी, ‘इंडिया अलायन्स’. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून ती चालवतात. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये मंत्रिमंडळाने तिच्या नव्या टप्प्याला १,५०० कोटी मंजूर केले. त्यात सुरुवातीच्या संशोधकांसाठी वेगळी फेलोशिप आहे. स्पर्धा तगडी आहे, मुलाखतीत सोलून काढतात. मानसशास्त्रवाल्यांनी विज्ञान-तंत्रज्ञान विभागाचा ‘कॉग्निटिव्ह सायन्स’ कार्यक्रम आणि सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला पैसा देणारी आयसीएसएसआरही बघावी. (तुमच्या विद्यार्थिनींपैकी कुणी पीएचडीला बसणार असेल तर आधी नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ फेलोशिप. महिना ३७,००० मिळतात. ते हुकलं तर बार्टी, सारथी, महाज्योती ह्या राज्याच्या संस्थांच्या, आपापल्या समाजगटांसाठीच्या फेलोशिप आहेतच.)

परदेशातली एकच सांगते, कारण ती तुमच्यासारख्यांसाठीच आहे. ग्लोबल ब्रेन हेल्थ इन्स्टिट्यूट. डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज आणि सॅन फ्रान्सिस्कोतलं कॅलिफोर्निया विद्यापीठ (यूसीएसएफ) मिळून चालवतात. तिथल्या अटलांटिक फेलोशिपमध्ये डॉक्टरांच्या शेजारी पत्रकार, चित्रकार, अर्थतज्ज्ञ बसतात, एमआरआय कुणी विचारत नाही. परत आल्यावर आपल्या गावात छोटा प्रकल्प करायला त्यांच्या फेलोंसाठी पायलट अनुदानही असतं. पण परदेशी पैशावरून झालेली माझी फजिती ऐका. मला एकदा परदेशी संस्थेचे पैसे मंजूर झाले. पेढे वाटून झाले आणि मग कळलं, परदेशी पैसा घ्यायला लागते ती एफसीआरए कायद्याखालची नोंदणीच आमच्या संस्थेकडे नाही. शिवाय आरोग्य संशोधनात परदेशी पैसा किंवा भागीदार आला की आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते. पैसे १४ महिने तिकडेच, मी इकडे. तेव्हा कुठल्याही संस्थेला होकार देण्याआधी हिशेब विभागातल्या क्लार्कला गाठा. प्राचार्यांना विचारू नका, त्यांना माहीत नसतं.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर अर्धं फुकट आहे. मुंबईत देवनारच्या आयआयपीएस ह्या लोकसंख्या-अभ्यास संस्थेने ‘लासी’ ही उतारवयाची देशव्यापी पाहणी केली. ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून जास्त जण तिच्यात आहेत आणि नोंदणी करून अर्ज केला की तिची आकडेवारी मिळते. तिच्याच पोटात साठीपुढच्या चार हजारांवर माणसांची ‘लासी-डॅड’ ही स्मृतिभ्रंशाची पाहणी आहे. साठीपुढच्या ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज तिच्यातूनच निघाला. आकड्यांवर हात बसवायचा तर इथे बसवा. आणि जमलं तर बंगळुरूला जाऊन या. मानसिक आणि मेंदूच्या आजारांची संस्था निम्हान्स आहेच, पण भारतीय विज्ञान संस्थेच्या (आयआयएस्सी) आवारातलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरात खेड्यातल्या माणसांना वर्षानुवर्षं भेटतंय, ते बघण्यासारखं आहे.

आता मला खरं जे सांगायचंय ते. मी स्मृती-क्लिनिकमध्ये चाचण्या घेत होते तेव्हा ७६ वर्षांच्या एक आजी आल्या. ‘आज तारीख काय?’ म्हटलं. ‘तारीख कुणाला ठाऊक. एकादशी हाय, सकाळपास्नं उपाशी हाय.’ शून्य गुण. मग एकात एक अडकलेले दोन पंचकोन काढायला दिले. आजींनी पेन्सिल चिमटीत धरली, रांगोळी धरतात तशी. तिथेही शून्य. ३०पैकी १७ भरले. कागदावर स्मृतिभ्रंश पक्का. बाहेर बाकावर बसून त्या मला त्यांच्या भिशीत कुणाचे किती हप्ते राहिलेत ते बिनचूक सांगत होत्या.

ह्यासाठीच १९९५मध्ये हरियाणातल्या बल्लभगढच्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी हिंदी चाचणी बनवावी लागली होती. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) चाचण्यांचा संच केला. त्याच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी त्यांत नव्हती. मराठीत नंतर जे झालंय ते शोधून वाचा, आणि मग बार्शीच्या बाजारात कानावर पडणाऱ्या मराठीशी ताडून बघा.

त्यात तुमच्या सुना येतात. आजार कितपत आहे हे घरच्यांना विचारूनच ठरवतात. प्रश्नावलीत असतं, ‘पैशाचे व्यवहार आता जमत नाहीत का?’ ज्या बाईने जन्मात बँकेची पायरी चढली नाही तिच्याबद्दल सून काय सांगणार? त्यातून सासू समोर बसलेली. सून म्हणते, ‘करतात की आत्या सगळं.’ बाहेर वऱ्हांड्यात आल्यावर तीच सांगते की भाकरी थापता थापता मध्येच हात थांबतो, आणि चहात साखर दोनदा पडते. ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टींतून कामाची प्रश्नावली कशी बांधायची, हा एक अर्जभर पुरणारा प्रश्न आहे. तो बार्शीत बसून सुटतो, बॉस्टनमध्ये नाही.

बजेट लिहिताना माझी चूक करू नका. माझ्या पहिल्या अर्जात दोन टॅबलेट होते, एसटीचं भाडं नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला घेऊन येणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तोही धरा. आणि संमतीची सही कोणाची घ्यायची, आजारी माणसाची की घरच्यांची, ह्यावर अर्धं पान लिहा. नीतिसमिती पहिला प्रश्न तोच विचारते.

तुमचा प्रबंध वाचला. पहिली ४० पानं स्मृतिभ्रंशाच्या व्याख्या आहेत, त्या माझ्याकडे आधीच होत्या. ४१व्या पानावर एक सून म्हणते, ‘आत्या रात्री उठून निघून जातात, म्हणून मी त्यांचा पदर माझ्या पदराला बांधून झोपते.’ अर्जाची पहिली ओळ ही करा.