शाळेची मॉक ड्रिल साडेतीन मिनिटांत होते. एवढं पुरेसं आहे का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: तळमजला धरून तीन मजले, पट ६००, जिने दोन, वर्षातून एक ड्रिल, आणि साडेतीन मिनिटांत शाळा रिकामी. वेळ चांगली आहे, पण घड्याळ कधी थांबवलं? शेवटचं मूल मैदानावर पोहोचलं तेव्हा थांबवलं असेल, तर ड्रिल अर्धीच मोजली गेली. शेवटच्या वर्गाची मोजदाद जुळली आणि "आत कोणी नाही" असं मुख्याध्यापकांना खात्रीनं म्हणता आलं, तेव्हाची वेळ लिहायची. अग्निशमनची गाडी आली की जवान पहिल्यांदा हेच विचारतात, आत कोणी अडकलंय का. "बहुतेक नाही" म्हणालात तर त्यांना धुरात शिरावंच लागतं.

म्हणून सुरुवात मोजदादीपासून करा. कॅटलॉग बहुतेक वेळा ऑफिसात असतो, आणि मोबाइलवर भरलेली हजेरी घाईच्या वेळी उघडत बसायला कुणाला सवड नसते. प्रत्येक वर्गाच्या दारामागे खिळ्याला एक प्लॅस्टिकचं फोल्डर टांगा. त्यात हजेरी क्रमांकानुसार नावांची यादी, पेन्सिल, हिरवा पुठ्ठा आणि लाल पुठ्ठा. पहिल्या तासाला हजेरी झाली की मॉनिटरनं चिठ्ठीवर "४२ पैकी ३८" असं लिहून ती फोल्डरमध्ये ठेवायची. कोणी मधूनच घरी गेलं तर चिठ्ठी बदलायची, हे मात्र नेहमी राहून जातं. वर्गातून सर्वांत शेवटी शिक्षक बाहेर पडतात, फोल्डर त्यांच्या हातात. मैदानावर डोकी मोजून आकडा जुळला की हिरवा पुठ्ठा वर, नाही जुळला तर लाल. मुख्याध्यापक एका जागी उभे राहून सगळे पुठ्ठे बघतात आणि फक्त लाल दिसेल तिकडे जातात. माइकवरून वर्गवार विचारत बसलं की पाच मिनिटं सहज जातात.

आकडा चुकतो तो ठरावीक मुलांमुळे: लघवीला गेलेलं, खडू आणायला पाठवलेलं, पोटात दुखतं म्हणून ऑफिसातल्या बाकावर झोपवलेलं, प्रयोगशाळेत उरलेलं. यासाठी प्रत्येक मजल्यावर ज्यांचा ऑफ तास असेल त्या शिक्षकांनी आणि शिपायांनी स्वच्छतागृहं, प्रयोगशाळा, वाचनालय आणि गच्चीचा दरवाजा बघून मगच खाली यायचं. बघितलेल्या खोलीचं दार ओढून घ्यायचं, कडी लावायची नाही. बंद दारामुळे आग आणि धूर पसरायला वेळ लागतो. ऑफ तास रोज बदलतो, म्हणून वेळापत्रकातच त्या नावाखाली रेघ मारून ठेवा.

ही व्यवस्था खरंच चालते का हे बघायचं तर पुढच्या ड्रिलला एक मूल मुद्दाम लपवा. पालकांची संमती घेऊन, एका शिक्षिकेसोबत त्याला वाचनालयात बसवा आणि त्याच्या वर्गशिक्षकांना सांगू नका. लाल पुठ्ठा वर येतो का आणि किती वेळात येतो, ते बघा. माझ्या मते सगळ्या ड्रिलमधली सर्वांत उपयोगी चाचणी हीच. हिला खर्च शून्य आहे.

आता जिने. दीड मीटर रुंद जिन्यावरून मुलं दोन रांगांत, न पळता उतरली तर मिनिटाला साधारण ६० ते ७० खाली येतात. वरच्या दोन मजल्यांवर ४०० मुलं, म्हणजे एका जिन्याला २००, म्हणजे तीन-साडेतीन मिनिटं. तुमचा आकडा याच्याशी जुळतो, याचा अर्थ ड्रिलच्या दिवशी दोन्ही जिने उघडे होते. एरवी असतात का? मागच्या जिन्याचं चॅनेल गेट मुलं पळून जाऊ नयेत म्हणून कुलूपबंद ठेवायची पद्धत बऱ्याच शाळांत आहे, किल्ली एका शिपायाच्या खिशात, आणि तो बँकेत गेलेला. शाळा भरलेली असताना त्या गेटला कुलूप असता कामा नये. आतून सरकवता येणारी कडी ठेवा आणि तिथे एक माणूस बसवा. जिन्याखाली मोडके बाक, जुने पेपर, निवडणुकीनंतर राहिलेलं सामान काहीही ठेवू नका. पेटलेल्या मजल्याचा सगळा धूर जिन्यातून वर चढतो, जिना म्हणजे धुराडंच.

दुसऱ्या ड्रिलला एक जिना बंद आहे असं धरा. लाल फडकं घेतलेला माणूस प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी उभा करा. अध्येमध्ये उभा करू नका, कारण निम्मा जिना उतरलेली मुलं उलटी फिरली तर वरून येणाऱ्यांशी टक्कर होते आणि ड्रिलमध्येच हातपाय मोडतात. वेळ सहा-सात मिनिटांवर जाईल, जाऊ द्या. धावायला लावून ती कमी करू नका. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या रेल्वे पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, तिथे आग लागलीच नव्हती. वरच्या मजल्याची रांग भिंतीकडून, खालच्या मजल्याची कठड्याकडून, असं ठरवलं की वळणावर गर्दी होत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: चपला वर्गाबाहेर काढायच्या असतील तर त्यांचा ढीग उंबऱ्यापाशी नको. पहिलं मूल चपला शोधायला वाकतं आणि मागचे त्याच्या अंगावर येतात.

ज्या मुलाला चालता येत नाही त्याचा वर्ग तळमजल्यावर आणा. दोन शिक्षक त्याला उचलून आणतील असं कागदावर लिहिलेलं असतं, पण त्या दिवशी त्यातला एक रजेवर असतो.

इशारा विजेच्या घंटेवर ठेवू नका. आग लागली की मेन स्विच पाडायचा असतो, मग घंटा मुकी. लोखंडी टोल किंवा हातातली पितळी घंटा ठेवा, सलग आणि जलद ठोके. मधल्या सुट्टीच्या ठोक्यांपेक्षा ते वेगळे वाटले पाहिजेत. दुसऱ्या मजल्याच्या टोकाच्या वर्गात, दार लावून आणि पंखा चालू ठेवून ऐकू येतं का ते आधी स्वतः तपासा.

भूकंपाची ड्रिल वेगळी घ्या, आगीच्या ड्रिलला चिकटवू नका. दोन्हींतलं पहिलं पाऊल उलट आहे. आगीत लगेच बाहेर पडायचं, भूकंपात हादरे थांबेपर्यंत आत राहायचं. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, आणि कोयना तर जुनीच. म्हणून हे फक्त किल्लारीचं प्रकरण समजू नका. पुस्तकातलं "बाकाखाली शिरा" आपल्याकडे नेहमी जमत नाही. जोडबाकाला खाली फळी असते, आठवीचं मूल तिथे मावत नाही, आणि लहान वर्ग बस्करावर बसतात. तेव्हा खिडकी, कपाट आणि फळ्यापासून दूर, आतल्या भिंतीशी गुडघ्यावर बसून दप्तर डोक्यावर धरायचं. हादरे थांबल्यावर दप्तर डोक्यावर ठेवूनच बाहेर, कारण दाराबाहेर कौलं, पत्रे आणि गच्चीचा कठडा कोसळतो. आगीच्या वेळी मात्र दप्तराला हात लावायचा नाही.

जमायची जागा कुठली, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा होता. इमारतीच्या उंचीपेक्षा जास्त अंतर, आणि कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी, विजेचे खांब यांपासून दूर. २६ जानेवारी २००१ ला कच्छमधल्या अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या फेरीतली मुलं इमारतीबाहेरच होती, पण अरुंद गल्लीत. दोन्ही बाजूंची घरं कोसळून १८५ मुलं आणि २० शिक्षक गेले. जपानमध्ये ११ मार्च २०११ ला ओकावा प्राथमिक शाळेतली मुलं भूकंपानंतर पटांगणात नीट जमली, पण त्सुनामी आली तर पुढे कुठे जायचं हे आराखड्यात नेमकं ठरलेलं नव्हतं. निर्णय होईपर्यंत जवळपास ५० मिनिटं गेली. ७४ मुलं आणि १० शिक्षक वारले, शाळेमागे टेकडी असताना. आपल्याकडे त्याच्या जागी नदीकाठची शाळा आणि पूर धरा. जागा दोन हव्यात, दुसरी उंचावर. आणि जुलैत मैदान चिखलाचं असेल तेव्हा मुलं कुठे उभी राहणार, तेही ठरवा.

अग्निशामक यंत्राबद्दल थोडंच. ६ किलोचं पावडरचं यंत्र पंधरा-वीस सेकंदांत रिकामं होतं. पिन काढा, दोन मीटरवरून आगीच्या बुडाशी नेम धरा, दांडी दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा. पहिल्या यंत्रानं विझलं नाही तर बाहेर पडा. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे महिन्यातून एकदा बघायचं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं 'ब' नमुन्यातलं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून घेऊन जानेवारी आणि जुलैत सादर करायचं असतं. त्याच महिन्यात ड्रिल ठेवली की लक्षात राहते.

पोषण आहाराच्या स्वयंपाकघराला ड्रिलमध्ये घ्याच. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपराला लागली, ९४ मुलं गेली. खिचडी शिजवणाऱ्या ताईंना रेग्युलेटर बंद करायचा सराव हवा. तेल पेटलं तर पाणी न टाकता झाकण किंवा ओलं गोणपाट टाकायचं. गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून वास आला की विजेचं बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही.

इमारतीची ड्रिल सगळे घेतात, गॅदरिंगच्या मांडवाची कोणी घेत नाही. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्याच समारंभात कृत्रिम धाग्याचा मांडव पेटला आणि बाहेर पडायला एकच दार. ४०० हून अधिक माणसं दगावली. मांडवाला निदान दोन समोरासमोरच्या वाटा ठेवा आणि वायरिंग कापडापासून लांब ठेवा. कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी वाटा कुठे आहेत ते माइकवरून सांगा.

पालकांना ड्रिलची तारीख आधी कळवा, नाहीतर व्हॉट्सअॅपवर अफवा फिरते आणि फाटकाशी जमलेल्या दुचाकींमुळे बंब आत येऊ शकत नाही. खऱ्या प्रसंगी मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं त्यांची नावं प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्या. सही घेतल्याशिवाय सोडायचं नाही, काका आले तरी. ११२, १०१, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक टेलिफोनजवळच्या भिंतीवर लावा. फोन कोण करणार त्याचं नाव शेजारी लिहा, आणि ते रजेवर असतील तर दुसऱ्याचं.

तुमच्याकडे दोन सत्रं भरत असतील तर दोन्हींची ड्रिल वेगळी. तिसरी ड्रिल मधल्या सुट्टीत घ्या, मुलं शिक्षकांजवळ नसताना. तेव्हाचा नियम एकच ठेवा: वर्गाकडे परत जायचं नाही, डबा तिथेच सोडायचा, सरळ मैदानावर आपल्या तुकडीच्या खुणेपाशी. फोल्डर वर्गात राहिलेलं असेल, म्हणून त्या चिठ्ठ्यांची एक प्रत पहिल्या तासानंतर ऑफिसात येईल अशी सोय करा, आणि ऑफिसातून ती बाहेर आणायचं काम लिपिकांकडे द्या.