जोडीने जा, सुटं फिरा

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. सकाळपर्यंत मी तो चार वेळा वाचला. “मॅडम, ट्रिप कॅन्सल करू का?” म्हणे. वर्षभर पैसे साठवलेस, रजा मंजूर झाली, व्हिसा आला, आणि आता कॅन्सल? कारण काय, तर मैत्रिणीने एक्सेल शीट पाठवलंय. लंडनचे सात दिवस, बेचाळीस ठिकाणं, प्रत्येकापुढे मिनिटं लिहिलेली. आणि तुला एक अख्खा दिवस टॉवर ब्रिजपासून थेम्सच्या काठाकाठाने ग्रिनिचपर्यंत चालायचंय, तो दिवस त्या शीटमध्ये कुठल्याच ओळीत बसत नाही. तिला सांगितलं तर तिला वाईट वाटेल, नाही सांगितलं तर तुला.

मग सुटं फिरा. एवढंच उत्तर आहे. जोडीने जा, एका खोलीत राहा, सकाळचा चहा बरोबर घ्या, आणि दहा वाजता आपापल्या वाटेने निघा. संध्याकाळी भेटा. रोज नको, पण सातातले निदान तीन दिवस.

तू लगेच म्हणशील, “पण मॅडम, मग बरोबर जायचंच कशाला?” बारावीला असतानाही तू असंच करायचीस. उत्तर समोर असताना ‘पण’ने सुरुवात. तेव्हा आता गप्प बसून पुढचं वाच.

मी २००६ च्या मे महिन्यात लंडनला गेले होते. बरोबर माझी मैत्रीण होती, आमच्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी. तू तिला पाहिलेलं नाहीस, ती सिनियरला होती. दोघींचीही पंचेचाळिशी आलेली, दोघींचाही हा पहिलाच परदेश, आणि नवरे-मुलं घरी ठेवून नऊ दिवस. त्या काळी सांगलीत ही केवढी गोष्ट होती हे तुला कळायचं नाही. सासूबाईंनी दशम्या बांधून दिल्या होत्या, पण त्या देताना एकदाही माझ्याकडे बघितलं नव्हतं.

त्या सहलीचं शीट मी केलं होतं. एक्सेल नव्हतं, दोनशे पानी वही होती. त्यामुळे तुझ्या मैत्रिणीला तू मेसेजमध्ये जी नावं ठेवली आहेस ती मला लागली. ती हिटलर वगैरे नाही. ती घाबरलेली आहे. एवढे पैसे घालून गेलो आणि काही राहिलं तर, ही ती भीती. आमच्या वेळी पाउंड ऐंशी रुपयांच्या वर होता, आणि मी पाण्याच्या बाटलीलाही ऐंशीने गुणत होते. शिवाय आदल्याच वर्षी, ७ जुलै २००५ ला, लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि एका बसमध्ये स्फोट होऊन ५२ माणसं गेली होती. दोन्ही घरांतून निघताना एकच वाक्य ऐकलं होतं : एकमेकींना सोडू नका. मोबाइल होता, पण परदेशातून एक फोन केला की पोटात गोळा यायचा. तेव्हा मी तिचा हात सोडला नाही यात माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तू तसं समजशील.

ब्रिटिश म्युझियमला मी वहीत तीन तास दिले होते. तिथे ऐंशी लाख वस्तू आहेत आणि त्यांतली जेमतेम एक टक्का मांडलेली असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी मी तीनच तास दिले असते. इजिप्तचं झालं, रोझेटा शिलेभोवतीच्या गर्दीत घुसून झालं, अमरावतीची शिल्पं झाली (आपली विदर्भातली नव्हे, आंध्रातली). आणि मग मधल्या काचेच्या छताच्या चौकात ती थांबली. त्या चौकाच्या बरोबर मध्ये एक गोल इमारत आहे. ती जुनी रीडिंग रूम. १८५७ साली उघडलेली, ४२ मीटर व्यासाचा घुमट, आत निळा, सायीसारखा पांढरा आणि सोनेरी रंग. त्या वर्षी ती सगळ्यांसाठी खुली होती. कोणीही जावं, पुस्तक घ्यावं, बसावं.

ती वीस वर्षं मुलांना रुपयाचा इतिहास शिकवत होती. डॉ. आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला आले, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून दुसऱ्या वर्षी अभ्यास अर्धा टाकून परतले, पैसे जमवून १९२० मध्ये पुन्हा गेले, आणि याच खोलीत दिवसचे दिवस बसून रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्यांनी पुरा केला. १९२३ साली त्यावर त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. पदवी मिळाली. हे ती दरवर्षी जूनमध्ये पहिल्या तासाला सांगायची. मीही ऐकलं होतं, शेजारच्या वर्गातून.

“अर्धा तास बसते गं,” ती म्हणाली.

मी म्हटलं, वीस मिनिटं. दोनला आपली उघडी बस आहे.

ती आत गेली आणि एका टेबलाशी बसली. पुस्तक घेतलं नाही. दोन्ही तळवे टेबलावर टेकवले आणि मान वर करून घुमटाकडे बघत राहिली. मी दारापाशी उभी, हातात वही. बाराव्या मिनिटाला मी जाऊन तिच्या कोपराला हात लावला. बस चुकेल.

बस चुकली नाही. वरच्या मजल्यावर जागाही मिळाली, आणि ट्रफाल्गर चौक यायच्या आत पाऊस आला. दोघी प्लास्टिकचे रेनकोट घालून, गुडघ्यावर पाणी झेलत, कानातल्या इंग्रजी माहितीतलं निम्मं न कळता दोन तास फिरलो. भिजलेल्या तिकिटावर पैसे किती ते मी परत एकदा गुणून बघितलं.

आता मला सांग, मला त्या वेळी काय अडचण होती? मी एकटी बसमध्ये भिजले असते आणि ती पाच वाजेपर्यंत तिथे बसली असती. संध्याकाळी भेटून दोघींनी एकमेकींना सांगायला दोन वेगवेगळे दिवस असते. तेव्हा हे सुचलं नाही. बरोबर गेलो म्हणजे बरोबरच बघायचं, असं मी धरून चालले होते. मैत्री आहे ना मग! लोक मैत्रीला जू समजतात आणि वर म्हणतात की बैल का चिडला.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरचं घर आहे, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब तिथे राहत होते, जाऊ या का? चॉक फार्म स्टेशनपासून दहा मिनिटंही चाल नाही. तेव्हा ते कुणाचं तरी खासगी घर होतं. बाहेर फक्त निळी पाटी. मी म्हटलं, बंद दार बघून काय करणार? त्या सकाळी वहीत मेणाचे पुतळे होते.

त्यानंतर तिने काही मागितलं नाही. मी म्हणेन तिथे आली, मी म्हणेन तिथे उभी राहिली, फोटोत हसली. नऊ दिवसांत एकोणतीस ठिकाणं झाली, वहीतली सगळी. अजूनही मी म्हणते, मी नसते तर ती म्युझियमच्या पुढे गेलीच नसती. टॉवर ऑफ लंडन बघितला, त्या किल्ल्यातले कावळे बघितले, व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये टिपूचा तो इंग्रजाला खाणारा लाकडी वाघ बघितला. हे माझ्या वहीमुळे झालं, आणि हे कुणीतरी मान्य करायला हवं.

असो. तुझ्याकडे वळते.

तुला वाटतंय की वेगळं फिरायचं म्हटलं की तिचा अपमान होईल. मग ‘मला तुझी यादी आवडली नाही’ असं सांगूच नकोस. यादी तिची आहे, तिला ती पुरी करू दे. नाहीतर नदीकाठी तीन तास ती तुझ्यामागून फरफटत चालेल, दर वळणावर घड्याळ बघेल, आणि ग्रिनिचला पोचल्यावर शून्य रेखांशाच्या पट्टीवर एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढून म्हणेल, झालं, चला. मग तुला १९०२ सालचा नदीखालचा पायी जायचा बोगदा राहिला म्हणून रडू येईल. तो बोगदा जेमतेम पावणेचारशे मीटरचा आहे, फुकट आहे, पलीकडे बाहेर आलीस की मागे वळून बघ, अख्खं ग्रिनिच नदीपलीकडे मांडून ठेवल्यासारखं दिसतं. तिथे बसायचं असेल तेवढं बस. हे दुसऱ्याला घाई असताना होत नाही. मी घाई केलेली बाई आहे, मला विचार.

सुटं फिरा. आणखी किती वेळा लिहू?

तिथली व्यवस्थाही हेच सांगते बघ. भुयारी रेल्वेत एका कार्डावर दोघींना जाता येत नाही. जिची तिची कार्डं लागतात, आणि दिवसभर तेच कार्ड टेकवत राहिलं तर दिवसाच्या ठरावीक रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन असं केलंस तर त्या दोन वेगळ्या बाया धरल्या जातात. बसमध्ये रोख चालत नाही. तासाभरात दुसरी बस धरली तर पुन्हा भाडं लागत नाही. म्हणजे चुकीच्या बसमध्ये चढण्याची भीती काढून टाक. एकटीने चुकायला ते बरं गाव आहे.

आणि भेटायची जागा नीट ठरवा. ‘ट्रफाल्गर चौकात सहाला’ एवढ्याने भागत नाही. तिथे चार सिंह आहेत, आणि चारही सारखेच दिसतात. कोणता सिंह ते ठरवा. पाऊस असेल तर समोर नॅशनल गॅलरीच्या खांबांखाली. अर्धा तास वाट बघायची, नाही आली तर सरळ खोलीवर जायचं, रुसायचं नाही. हे सगळं आमच्या वेळीही करता आलं असतं. फोनशिवायही आलं असतं. सिंह तेव्हाही चारच होते.

तू विचारशील, त्या सहलीनंतर तुमची मैत्री राहिली का. राहिली की. अकरा वर्षं एका स्टाफरूममध्ये बसलो, डबे वाटून खाल्ले, तिच्या मुलीच्या लग्नात मी रुखवत मांडलं. पण पुन्हा कुठे बरोबर गेलो नाही. हंपीचं निघालं होतं एकदा, तेव्हा तिचे गुडघे दुखत होते. त्याच महिन्यात ती भाचीबरोबर पचमढीला जाऊन आली.

२००७ मध्ये ती रीडिंग रूम मोठ्या प्रदर्शनांसाठी घेतली आणि टेबलं लोकांना बंद झाली. प्रदर्शनं संपल्यावरही कित्येक वर्षं ती बंदच होती. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने किंग हेन्रीज रोडवरचं ते घर विकत घेतलं, तेव्हा पेपरात फोटो आला होता. तिने तो कापून माझ्या टेबलावर ठेवला. वर काही लिहिलं नव्हतं. माझ्या तासाची घंटा झाली होती, मी तो हजेरीपटात ठेवला आणि गेले. अजून आहे माझ्याकडे.

२०१८ मध्ये मुलाकडे गेले होते तेव्हा एकटीच म्युझियमला गेले. त्या गोल भिंतीला बाहेरून एक चक्कर मारली. दार बंद. दुसऱ्या दिवशी चॉक फार्मला उतरून त्या घरीही गेले, आता आत जाता येतं. जिन्यावर पाऊण तास बसले असेन. तिथल्या माणसाने पाणी विचारलं. फोटो काढला, पण तिला पाठवला नाही. काय लिहून पाठवणार होते?

तर तू मैत्रिणीशी आजच बोल. रात्री जेवण झाल्यावर फोन कर, तिचं शीट समोर उघडून बस, त्यातले तीन दिवस तिच्या नावाने आणि तुझ्या नावाने वेगळे रंगव. तिला रंगवायला आवडेल, यादी करणाऱ्यांना आवडतं. विमानात बघू, असं मात्र करू नकोस. मी परतीच्या विमानात बोलणार होते. जेवणाचे ट्रे जाईपर्यंत थांबले, मग दिवे मंद होईपर्यंत थांबले. मग तिच्याकडे वळले तर तिने डोळ्यांवर ती काळी पट्टी ओढली होती, आणि ती झोपलेली नव्हती, कारण तिच्या हातातली बोर्डिंग पासची चिठ्ठी ती बारीक बारीक घड्या घालत होती.

कोणता सिंह ठरला ते मला कळव.

तुझी,
मॅडम