दुसऱ्या महायुद्धानंतर मँचेस्टर युनायटेडचा पहिला लीग हंगाम कसा गेला?

विजेतेपद एका गुणाने हुकलं, आणि तेही स्वतःचं मैदान नसताना.

मार्च १९४१ मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात ओल्ड ट्रॅफर्ड या युनायटेडच्या मैदानाचं मुख्य स्टँड उद्ध्वस्त झालं होतं. त्यामुळे युनायटेडचे घरचे सामने मँचेस्टर सिटी क्लबच्या ‘मेन रोड’ मैदानावर होत. फुकट नाही, भाडं आणि तिकीटविक्रीतला वाटा देऊन! १९४९ पर्यंत असंच चाललं.

१९४५-४६ मध्ये एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) पुन्हा सुरू झाला होता, पण राष्ट्रीय लीग परतली ती १९४६-४७ ला. गंमत म्हणजे १९३९ साली युद्धामुळे तीन सामन्यांतच गुंडाळलेल्या हंगामाचं वेळापत्रक जसंच्या तसं पुन्हा वापरलं. म्हणून सलामीला परत ग्रिम्स्बी टाउनच; युनायटेड २-१ ने जिंकलं.

मॅनेजर होते मॅट बस्बी, १९४५ च्या ऑक्टोबरात रुजू झालेले. हाताशी कॅरी, पिअर्सन, रावली असे युद्धाआधीपासूनचे खेळाडू. ऐन उमेदीची वर्षं युद्धात गेलेली, तरी रावलीने लीगमध्ये २६ गोल ठोकले. माझ्या मते बस्बींचं हे काम पुढच्या करंडकांपेक्षा कमी नाही.

१९४७ च्या भयंकर हिवाळ्याने सामने इतके लांबले की लीगचा निकाल जूनमध्ये लागला: लिव्हरपूल ५७, युनायटेड ५६. बस्बी स्वतः याच लिव्हरपूलकडून खेळलेले. आणि घरमालक सिटी? त्यांनी त्याच वर्षी दुसरा विभाग, म्हणजे खालच्या स्तराची लीग, जिंकली.

बस्बींचा पहिला मोठा करंडक १९४८ ला आला: एफए कप, ब्लॅकपूलविरुद्ध ४-२.