वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रकच्या दाराला नवे अस्तर

प्रश्न : आजोबांनी घेतलेला १९५१ सालचा शेवरोले पिक-अप ट्रक आम्ही दोन वर्षे खपून चालता केला आहे. इंजिन आणि रंगकाम झाले. आता दाराच्या आतला उघडा पत्रा फोम व रेग्झीनच्या पॅनेलने झाकायचा आहे. एका कुशन कारागिराने एमडीएफ वापरण्याचा आणि त्यातच स्पीकर बसवण्याचा सल्ला दिला आहे. तो मानावा का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : दोन्ही सल्ले मानू नयेत. त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी, ती म्हणजे आपल्या ट्रकच्या दाराला मुळात असे पॅनेल नव्हतेच. त्या पिढीच्या शेवरोले ट्रकमध्ये दाराची आतली बाजू रंगवलेल्या पत्र्याची असे आणि काचेच्या यंत्रणेपर्यंत हात पोहोचावा म्हणून तिच्यावर स्क्रूने बसवलेले एक झाकण असे. अगदी मूळ रूपच राखायचे असेल तर पत्रा नीट रंगवून थांबणे उत्तम. तरीही उन्हात तापणारा पत्रा कोपराला लागू नये म्हणून अस्तर हवे असेल, तर ते असे करावे की पुढे कधी उतरवले तरी पत्र्यावर एकही नवे भोक दिसू नये.

आता एमडीएफविषयी. दार ही वरून उघडी असलेली पेटी आहे. काचेला लागून ओघळणारे पाणी काचेच्या फटीतून आत उतरणार आणि तळाच्या भोकांतून बाहेर जाणार, अशीच तिची रचना असते. पावसाच्या चार महिन्यांत सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या ठाण्यात दाराच्या आत किती पाणी जात असेल, याचा अंदाज आपणच करावा. एमडीएफ हा लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला फळा असल्याने त्याची कड एकदा भिजली की फुगते आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. म्हणून आयएस ७१० खुणेचा ४ मिलिमीटरचा मरीन प्लायवुड घ्यावा. प्लायवुड कापून आणि भोके पाडून झाल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंना, कडांना व प्रत्येक भोकाच्या आतल्या अंगाला वॉर्निशचे किमान दोन हात द्यावेत. बहुतेक कारागीर दर्शनी बाजू रंगवतात आणि मागची कोरी सोडतात. ओल मात्र मागूनच येते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी दाराच्या तळाची भोके तारेने मोकळी करावीत आणि पत्र्यावर जाड प्लास्टिकचा कागद ब्यूटाइल टेपने (रबरासारख्या चिकट पट्टीने) चिकटवावा. त्याची खालची कड दाराच्या आत वळलेली असावी, म्हणजे ओघळ आतच पडेल. हा कागद पाच-पन्नास रुपयांचा असला तरी पॅनेलचे आयुष्य त्याच्यावरच अवलंबून असते.

साचा जाड पुठ्ठ्याचा करावा आणि तो प्रत्येक दारासाठी वेगळा घ्यावा. सत्तर वर्षांत एखादे दार बदललेले असू शकते: १९५१ मध्ये या ट्रकच्या दाराला पुढची त्रिकोणी फिरती काच आली, तर १९५२ मध्ये बाहेरची वळवायची कडी जाऊन बटणाची कडी आली. डाव्या-उजव्या दारांत असा फरक आढळला तर नवल मानू नये. पॅनेल धरून ठेवण्यासाठी त्या झाकणाच्या व जुन्या स्क्रूंच्याच जागा वापराव्यात. स्क्रू लांब घेऊ नयेत; काच पूर्ण खाली उतरवून स्क्रूचे टोक तिला लागत नाही ना, हे प्रत्येक वेळी पाहावे.

फोम पाच-सहा मिलिमीटरचा पुरे. शिवणीच्या रेषा हव्या असतील तर रेग्झीन आणि फोम आधी एकत्र शिवून घ्यावेत, नंतर चिकटवावेत. सिंथेटिक रबरचे अॅडहेसिव्ह दोन्ही पृष्ठभागांवर लावून ते बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे. घाई केल्यास आत अडकलेल्या द्रावकामुळे पुढच्या मे महिन्यात फुगे येतात. बाहेरच्या गोलाईवर रेग्झीनला मागून त्रिकोणी खाचा द्याव्यात, आतल्या गोलाईवर सरळ चिरा पुरतात. लोखंडी स्टेपल गंजतात आणि तांबडे डाग पुढे उमटतात, म्हणून स्टेनलेस स्टीलचे वापरावेत.

स्पीकरसाठी मात्र दाराचा पत्रा कापू नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण चासी, बॉडी शेल वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. स्पीकरच्या भोकाला मोठा फेरफार म्हणतील की नाही हा वाद आरटीओत जाऊन घालण्यापेक्षा स्पीकर सीटमागे ठेवणे शहाणपणाचे.

प्रश्न : माझ्या जुन्या ट्रकला असेच पॅनेल बसवल्यापासून काच वरखाली करण्याचे हँडल सारखे निसटते. पॅनेल काढून टाकावे लागेल का?
— एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई

उत्तर : काढून टाकावे लागणार नाही, पण एकदा उतरवावे लागेल. पॅनेल व फोम मिळून जाडी वाढली की हँडल ज्यावर बसते त्या दांड्याचा बाहेर येणारा भाग तेवढाच कमी होतो आणि हँडलला पुरती पकड मिळत नाही. दांड्याभोवती हँडलमागच्या चकतीच्या मापाचा फोम पूर्ण काढावा आणि तिथे रेग्झीन थेट प्लायवुडला चिकटवावे. तेवढ्यानेही भागले नाही तर त्या जागी प्लायवुड मागून तासून पातळ करावा आणि उघडे पडलेले लाकूड पुन्हा वॉर्निश करावे. हँडल काढताना ते आधी नीट पाहावे. काहींत समोरून स्क्रू असतो, काहींत आडवी पिन, तर काहींत मागे दडलेली नालाच्या आकाराची क्लिप. स्क्रूड्रायव्हरने उचकटल्यास नवे रेग्झीनच फाटेल.