त्याचं नाव घ्या

न्यू जर्सीहून एका आईचं चार पानी पत्र आलं आहे. सोळा वर्षांच्या मुलाने गेल्या वर्षी आपला जीव दिला. पुण्यातल्या नातेवाइकांना ‘अचानक हार्ट अटॅक आला’ एवढंच कळवलंय, अकरा वर्षांच्या धाकटीलाही तेच. मुलाची खोली तेव्हापासून बंद आहे. त्याचा विषय निघाला की वडील उठून जातात. आता वर्ष होत आलं, आणि त्या विचारतात : त्याची आठवण काढायची तरी कशी?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ‘आमचा मोठा’, ‘तो’, ‘बाळ’ हे सगळं त्यात आहे. त्याचं नाव मात्र एकदाही नाही. सुरुवात तिथूनच करू या. घरात त्याचं नाव घ्या. तो पोहे मिरची काढून खायचा, आजीशी फोनवर मोडकं मराठी बोलायचा, हे नाव घेऊन सांगा. सोळा वर्षं तो तुमच्यात होता. नाव टाळलं की ती वर्षंही बंद खोलीत जातात आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे तो एक दिवसच उरतो.

धाकटीला खरं सांगायला हवं, आणि ते तुमच्या तोंडून. ती शाळेत जाते, फोन वापरते, तिला बाहेरून कळणारच. कदाचित कळलंही असेल आणि तुम्हाला त्रास नको म्हणून ती गप्प असेल. शब्द साधे ठेवा : ‘दादाच्या मनाला फार वेदना होत होत्या. त्यातून बाहेर पडायची वाट त्याला दिसली नाही, आणि त्याने स्वतःचा जीव घेतला. तुझ्या बोलण्या-वागण्यामुळे हे झालं नाही.’ कसं केलं, याचे तपशील तिला देऊ नका. ‘तो आता सुटला’, ‘देवाकडे सुखात आहे’ असंही म्हणू नका. दुःखात असलेल्या मुलाला त्यातून ती एक वाट वाटू शकते. तिच्या मनात असं काही येतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. जगणं नको वाटेल तेव्हा बोलायला मदतवाहिनी असते : अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन किंवा मेसेज करता येतो. तो तुमच्यासाठीही आहे. कॅनडातही हाच क्रमांक चालतो, ब्रिटनमध्ये ११६ १२३, भारतात टेलीमानस १४४१६.

नातेवाइकांना सगळं एकदम सांगायची गरज नाही. एक माणूस निवडा, ज्याच्या पोटात गोष्ट राहते. बाकीच्यांना त्यानेच सांगावं. आपल्याकडे हे कुजबुजत बोलायची सवय लागली त्याला कायदाही थोडा कारण आहे. आत्महत्येचा प्रयत्न भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ ला नवी संहिता आली, तीत ते कलम राहिलं नाही. आणि हळदीकुंकवाला कुणी ‘मुलं किती?’ विचारलं तर ‘दोन’ म्हणा. पुढे सांगावंसं वाटलं तर सांगा, नाहीतर तेवढंच पुरे.

वर्षाचा दिवस तुमच्यासाठी दोनदा येईल, एकदा तिथीने आणि एकदा तारखेने. तिथी पुण्याच्या आजी-आजोबांना द्या, ते त्यांच्या पद्धतीने करतील. तारीख तुम्ही तिघं ठेवा. भाद्रपद वद्य चतुर्दशीला शस्त्राने, अपघाताने, अपमृत्यूने गेलेल्यांचं श्राद्ध करायची रीत आहे, म्हणजे अशा मृत्यूंसाठी आपल्या पंचांगातही जागा आहे. गुरुजी नको म्हणाले तर समई लावून त्याचं नाव घेतलंत तरी चालेल. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी अशा घरांतली माणसं ठिकठिकाणी एकत्र जमतात. सिनेटर हॅरी रीड यांचे वडील असेच गेले होते. १९९९ मध्ये त्यांच्याच ठरावाने हा दिवस सुरू झाला. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी सात वाजता गेलेल्या मुलांसाठी जगभर मेणबत्त्या लावतात. यजमानांना ओढून नेऊ नका. त्यांना एक काम द्या : त्याचे फोटो निवडायचं.

मराठी मंडळात त्याच्या नावाने बक्षीस ठेवायचं म्हणताय. माझं मत, अजून थोडं थांबा. मंचावर मोठा फोटो, हार, भाषणं हे आतून खचलेल्या एखाद्या मुलाला भलतंच सांगून जाऊ शकतं. त्यापेक्षा त्याचे मित्र घरी बोलवा. त्यांनाही धक्का बसलाय, आणि त्यांच्याकडे त्याच्या अशा गोष्टी असतील ज्या तुम्हाला ठाऊक नाहीत.

दोन बारीक कामं. त्याचा फोन नंबर बंद करण्याआधी व्हॉइसमेलवरचा त्याचा आवाज उतरवून घ्या. नंबर गेला की तो परत मिळत नाही. आणि टपालपेटीत त्याच्या नावाने कॉलेजांची माहितीपत्रकं येत असतील, तर याद्यांतून नाव काढायचं काम एखाद्या मैत्रिणीवर सोपवा. ते लिफाफे तुम्ही उघडत बसू नका.

खोली लगेच आवरायची नाही. आधी नुसतं दार उघडा. एखाद्या दुपारी धाकटीला तिथे बसून अभ्यास करू दे.

आणि ताई, मला पुन्हा लिहा. तेव्हा त्याचं नाव लिहा. इथे छापणार नाही, पण मला ते वाचायचं आहे.