इल्युमिनेशन घेण्याआधी

रूनक्वेस्ट या रोलप्लेइंग खेळात नवा आहेस म्हणून सांगतो. ग्लोरांथात, म्हणजे या खेळाच्या काल्पनिक जगात, इल्युमिनेशनचे (पात्राला होणाऱ्या गूढ ज्ञानप्राप्तीचे) फायदे लगेच डोळ्यात भरतात: पंथाचे नियम मोडले तरी शिक्षा करणारे आत्मे मागे लागत नाहीत, केऑस (जगाचा नाश करू पाहणारी शक्ती) हुंगणाऱ्या स्टॉर्म बुल देवाच्या भक्तालाही तुझ्यातला केऑस कळत नाही. किंमत मोजावी लागते ती घरात. माझा ओरलांथी योद्धा (वादळदेव ओरलांथचा भक्त) इल्युमिनेशन देणाऱ्या न्यासालोर देवाची कोडी सोडवून मोकळा झाला आणि पुढच्याच सत्रात भावाच्या खुन्याशेजारी जेवायला बसला. राग येईचना! भाऊबंद ताटावरून उठून गेले. पात्राच्या पत्रकावर 'कुटुंबावर प्रेम 60%' तसंच होतं, पण खेळताना ते पोकळ वाटायचं. तेव्हा कुठलं नातं तुटलेलं चालेल, ते गेममास्टरशी (खेळ चालवणाऱ्याशी) आधीच बोलून घे. आणि हो, इल्युमिनेशन घेतल्याचं बाकीच्या खेळाडूंपासून लपवू नकोस. आमचा ग्रुप त्यावरूनच फुटला.